लस आली तरी गर्भाशयमुखाच्या ऊती लॅबमधे वाढवायलाच हव्यात

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर लस आहे, तपासणी आहे, मग लॅबमधे तिथल्या ऊतींचे चिमुकले तुकडे वाढवत बसायला सार्वजनिक पैसा कशाला घालायचा, असं विचारणारे लोक काही अडाणी नसतात. उलट त्यातले बरेचसे सार्वजनिक आरोग्याच्या कामात वर्षानुवर्षं झिजलेले असतात आणि त्यांचं गणित अगदी सरळ असतं. २०२२ साली जगात साधारण ६ लाख ६० हजार बायकांना हा कॅन्सर झाला, साडेतीन लाखांच्या आसपास बायका गेल्या, आणि त्यातले ९४ टक्के मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. तो ज्या एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे होतो त्यावरची लस २००६ पासून आहे. इंग्लंडमधे ज्या मुलींना १२-१३ व्या वर्षी ती मिळाली त्यांच्यात या कॅन्सरचं प्रमाण ८७ टक्क्यांनी खाली आलं, स्कॉटलंडमधे त्याच वयात लस घेतलेल्या मुलींमधे तर एकही केस सापडली नाही. इतकं चोख हत्यार हातात असताना माणूस म्हणणारच की बाबांनो, आधी हे सगळ्यांपर्यंत पोचवा, बाकीचे लाड नंतर.

यातलं अर्धं मला पूर्ण मान्य आहे. लशीच्या आणि तपासणीच्या पैशातून एक छदामही लॅबकडे वळवू नये, आणि जो शास्त्रज्ञ "आमचं मॉडेल, म्हणजे लॅबमधे वाढवलेली ऊती, तयार झालं की तपासणीची गरज कमी होईल" असं सुचवतो त्याला दारातूनच परत पाठवावं. पण उरलेल्या अर्ध्यावर माझं भांडण आहे. लस पुढचं इन्फेक्शन अडवते, आधीच आत शिरलेल्या व्हायरसला हुसकावून लावत नाही. आज ज्या बायका तिशी-चाळिशीत आहेत, ज्यांच्या शाळेच्या वयात लस नव्हतीच किंवा पोचली नाही, त्यांच्यासाठी उरते ती तपासणी, आणि तपासणी काय सांगते तर एचपीव्ही आहे किंवा नाही. आहे म्हटल्यावर पुढे काय? दहातल्या नऊ बायकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. उरलेल्या एखादीत तो ठाण मांडून बसतो, आणि त्यातल्याही सगळ्यांना कॅन्सर होत नाही, ज्यांना होतो त्यांनाही साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. आणि गर्भाशयमुखातल्या एचपीव्हीवर नेम धरून मारणारं मंजूर औषध आजघडीला एकही नाही.

म्हणजे प्रश्न उरतो तो मधल्या पंधरा वर्षांचा. कॅन्सरच्या आधीच्या पायऱ्यांना डॉक्टर सीआयएन १, २, ३ म्हणतात, त्यातली दुसरी पायरी घ्या. नुसतं लक्ष ठेवलेल्या बायकांचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ मधे जो हिशोब मांडला गेला त्यात दोन वर्षांत साधारण निम्म्या जणींचं दुखणं आपणहून मागे गेलं, एक तृतीयांश जणींचं होतं तिथेच राहिलं आणि १८ टक्क्यांच्या आसपास पुढे सरकलं. आता बायोप्सीच्या स्लाइडवर या तिघी सारख्याच दिसतात. कोणती मागे जाईल आणि कोणती पुढे, हे बघून सांगता येत नाही, म्हणून डॉक्टर सावधगिरी म्हणून तो भाग कापून काढतात, जे चूक आहे असं मी म्हणत नाही, पण गर्भाशयमुखाचा तुकडा काढला की पुढच्या गरोदरपणात दिवस भरायच्या आधी बाळंत व्हायचा धोका वाढतो, आणि ज्या निम्म्या जणींना काहीच करायची गरज नव्हती त्यांनीही तो धोका पत्करलेला असतो.

मग व्हायरस शिरल्यापासून कॅन्सर होईपर्यंत नेमकं काय घडतं, हे आत्तापर्यंत आपल्याला कळलं कसं? ही गोष्ट सांगितल्याशिवाय हा वाद पुराच होत नाही. सीआयएन ३ वर नीट उपचार केले नाहीत तर ३० वर्षांत जवळपास ३१ टक्के बायकांना कॅन्सर होतो, हा आकडा या विषयावरच्या कुठल्याही गंभीर लेखनात सापडतो. तो येतो न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमधून. तिथले डॉक्टर हर्बर्ट ग्रीन यांना ही अवस्था कॅन्सरकडे जाते हे पटत नव्हतं, म्हणून १९६६ पासून त्यांनी काही बायकांवर पुरेसे उपचार न करता त्यांना नुसतं बोलवून बोलवून तपासत ठेवलं. त्या बायकांना आपण कुठल्या अभ्यासाचा भाग आहोत याची कल्पना नव्हती. दोन स्त्रीवादी लेखिकांनी १९८७ मधे हे प्रकरण बाहेर काढलं, न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांच्या चौकशीचा अहवाल १९८८ मधे आला, आणि २००८ मधे त्या सगळ्या जुन्या नोंदींवरून तो ३१ टक्क्यांचा आकडा छापून आला. ज्यांच्यावर सुरुवातीलाच नीट उपचार झाले होते त्यांच्यात हेच प्रमाण ०.७ टक्के होतं.

मला या आकड्याचा संताप येतो आणि तरी तो वापरल्याशिवाय गत्यंतर नाही, मीही आत्ता वापरलाच. त्या बायकांचं शरीर हेच तिथे प्रयोगाचं भांडं होतं. आणि आज समजा कुणी म्हणालं की सीआयएन २ आणि ३ चं नेमकं काय होतं ते आम्हाला उपचार न करता वर्षानुवर्षं बघायचंय, तर कुठलीही एथिक्स कमिटी त्याला उभं करणार नाही, करूही नये. म्हणजे जे बघायचंय ते जिवंत बाईत बघता येत नाही आणि न बघून चालत नाही. यातून निघायचा मला दिसणारा रस्ता एकच, तो म्हणजे ती ऊती बाईच्या शरीराबाहेर वाढवायची, तिच्यात व्हायरस सोडायचा आणि मग काय होतं ते तिथे बघायचं. लॅबमधल्या मॉडेल्सच्या बाजूने मी भांडतोय ते याच्यासाठी, तंत्रज्ञान भारी आहे म्हणून नव्हे.

लगेच कुणीतरी म्हणतं की अहो, या कॅन्सरच्या पेशी तर ७० वर्षांपासून लॅबमधे आहेत की. आहेत ना. १९५१ मधे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधे हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या पेशी, तिला न विचारता घेतलेल्या. ती त्याच वर्षी ऑक्टोबरमधे गेली आणि तिच्या हेला पेशी जगभर वाढत राहिल्या, इतक्या जोमात की १९६६ मधे स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवून दिलं की वेगवेगळ्या ऊतींच्या म्हणून वापरात असलेल्या १८ सेल लाइन्समधे (लॅबमधे सतत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वाणांमधे) प्रत्यक्षात हेलाच घुसलेली आहे. हेलामधे एचपीव्ही १८ हा या व्हायरसचा प्रकार आहे हे कळलं तेही तिच्या मृत्यूनंतर तीन दशकांनी, जेव्हा हाराल्ड झुर हाउसेन यांच्या गटाने १९८३ आणि १९८४ मधे एचपीव्ही १६ आणि १८ शोधून काढले, त्यासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. हेला, सिहा, कास्की या सगळ्या पेशी कामाच्या आहेत, त्यांच्यावर प्रचंड काम झालंय. पण त्या सगळ्या पूर्ण झालेल्या कॅन्सरच्या आहेत. आपल्याला पाहिजे ती मधली पंधरा वर्षं, आणि त्या पेशी ती कधीच ओलांडून गेलेल्या आहेत.

आणि दुसरी अडचण खुद्द व्हायरसची आहे. एचपीव्हीला प्लास्टिकच्या सपाट डिशमधे पसरलेल्या पेशींच्या एका थरात आपलं आयुष्य पुरं करता येत नाही. तो बारीकशा खरचटण्यातून सगळ्यात खालच्या थरातल्या पेशींमधे शिरतो, तिथे अगदी कमी संख्येने गप्प राहतो, आणि त्या पेशी वाढत वाढत वरच्या थरांकडे सरकायला लागल्या की त्यांच्याबरोबर वर जातो. वर जाताना पेशीने खरं तर विभागणं थांबवून चपटं व्हायचं असतं, पण व्हायरसला स्वतःच्या नकला काढायला विभागणारी यंत्रणा चालू हवी असते, म्हणून त्याचं ई७ नावाचं प्रोटीन आरबी हा ब्रेक काढून टाकतं आणि ई६ हे पी५३ ला नष्ट करवतं, म्हणजे बिघडलेल्या पेशीला मरायला लावणारी व्यवस्थाच बंद. व्हायरसचं बाहेरचं कवच फक्त अगदी वरच्या थरांत तयार होतं आणि तिथून झडणाऱ्या पेशींबरोबर तो बाहेर पडतो. गंमत म्हणजे कॅन्सर होणं हे व्हायरसच्या फायद्याचं अजिबात नाही, कॅन्सर झालेल्या पेशीत त्याचं चक्र पुरंच होत नाही, बऱ्याचदा त्याचा डीएनए तुटून माणसाच्या डीएनएमधे अडकलेला असतो, ई६-ई७ वर लगाम ठेवणारा ई२ जीन त्या मोडतोडीत निकामी होतो आणि मग त्या दोघांना आवरणारं कुणी राहत नाही. हा सगळा खेळच थरांचा आहे. थर नसतील तर तुम्ही एचपीव्हीचा अभ्यास करत नसून त्याच्या एक-दोन जीन्सचा अभ्यास करत असता.

म्हणून रॅफ्ट कल्चर. याची पद्धत एकदा नीट बघण्यासारखी आहे, कारण "लॅबमधे ऊती वाढवतात" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेच्या बरणीत तरंगणारा अवयव येतो. प्रत्यक्षात काय असतं तर कोलॅजनच्या जेलमधे फायब्रोब्लास्ट, म्हणजे ऊतीचा आधार विणणाऱ्या पेशी मिसळून एक छोटीशी गादी करतात. फायब्रोब्लास्ट आतून ओढत असल्यामुळे ती आक्रसते. तिच्यावर त्वचेच्या किंवा गर्भाशयमुखाच्या आवरणाच्या पेशी पेरतात, थोडे दिवस त्या द्रवात बुडालेल्या राहतात, आणि मग ती अख्खी गादी उचलून तारेच्या जाळीवर ठेवायची, अशी की खालून गुलाबी मीडिया, म्हणजे पोषक द्रव, टेकेल आणि वरून हवा लागेल. हवा लागली की पेशी एकावर एक थर लावायला लागतात. दहा ते चौदा दिवस एक दिवसाआड मीडिया बदलत राहायचं, मधे एखादा बुरशीचा कण पडला की सगळी मेहनत पाण्यात. शेवटी तो तुकडा फॉर्मालिनमधे घालून, मेणात बसवून, मायक्रोटोमवर काही मायक्रॉनचे काप काढून रंगवला की स्लाइडवर खाली दाटीने बसलेल्या जांभळ्या केंद्रकांची ओळ आणि वर हळूहळू चपटे होत गेलेले गुलाबी थर दिसतात. त्यात एचपीव्ही असेल तर वरच्या थरांतही फुगलेली केंद्रकं आणि त्यांच्याभोवती रिकामी पांढरी वलयं दिसतात, जी रोज पॅप स्मिअर (तपासणीसाठी गर्भाशयमुखावरून ब्रशने घेतलेल्या पेशी) बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला बघताक्षणी ओळखू येतील. १९९२ मधे क्रेग मायर्स आणि लायमोनिस लायमिन्स यांच्या गटाने याच पद्धतीने, सीआयएन १ च्या बायोप्सीतून निघालेल्या पेशींमधे एचपीव्ही ३१ चे पूर्ण बनलेले कण तयार करून दाखवले. त्याआधी असे कण मिळवायचे तर माणसाची ऊती उंदराच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली लावावी लागायची.

आता इथे एक गोष्ट मला वर्षानुवर्षं खटकत आलीये. एचपीव्हीच्या रॅफ्ट कल्चरवरच्या संशोधनाचा मोठा भाग ज्या पेशींवर झालाय त्या नवजात मुलग्यांच्या सुंतेतून मिळालेल्या कातडीच्या आहेत. सहज मिळतात, तरुण असतात, भरभर वाढतात, एरवी फेकूनच देणार असतात, कारणं सगळी व्यवहाराची आहेत आणि त्यातून बरंच काही खरं कळलंही. पण बायकांच्या गर्भाशयमुखाच्या आजाराचा अभ्यास आणि माल मुलग्यांच्या कातडीचा, हे कुणाला विचित्र वाटलं नाही का? दुसरं उदाहरण याहून भारी आहे. गर्भाशयमुखाच्या "नॉर्मल" पेशी म्हणून ज्या सेल लाइन्स १९९७ पासून लॅबमधे फिरतात त्या अमर करण्यासाठी त्यांच्यात एचपीव्ही १६ चे ई६ आणि ई७ हेच दोन जीन्स घातलेले आहेत. कंडिशन सांगून वापरल्या तर हरकत नाही, योनिमार्गातल्या जंतुनाशकांच्या चाचण्यांसाठी वगैरे त्या बनवल्या होत्या. पण एचपीव्हीच्या अभ्यासात निरोगी तुलना म्हणून त्या घेतल्या तर तुलना कशाशी होतेय?

कातडीच्या पेशी का चालत नाहीत याचं खरं कारण जागेत आहे. हा कॅन्सर बहुतेक वेळा एका अरुंद पट्ट्यात सुरू होतो, जिथे गर्भाशयमुखाच्या बाहेरच्या बाजूचं अनेक थरांचं आवरण आणि आतल्या नळीचं एकाच थराचं, ग्रंथी असलेलं आवरण एकमेकांना भिडतात. वयात येताना, गरोदरपणात ही सीमा सरकत असते. कातडीला अशी सीमाच नाही. गेल्या काही वर्षांत ऑर्गनॉइड नावाचा जो प्रकार आलाय, म्हणजे स्टेम सेल्सना जेलमधे योग्य ते सिग्नल देऊन त्यांच्याकडूनच मूळ ऊतीसारखी बारीक गोळ्यांची रचना करवून घ्यायची, त्याने ही अडचण पहिल्यांदा खरोखर हाताळली. बर्लिनच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटमधल्या गटाने २०२१ मधे दाखवलं की या दोन आवरणांच्या मुळाशी दोन वेगळ्या स्टेम सेल वंशावळी आहेत आणि खालच्या ऊतीकडून येणारे सिग्नल बदलले की कुठली वंशावळ वर येईल ते बदलतं. त्याच सुमारास युट्रेख्टमधे हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने पॅप स्मिअरच्या ब्रशवर आलेल्या पेशींमधून ऑर्गनॉइड वाढवले. ही दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण त्यासाठी ऑपरेशन लागत नाही, बाई जी तपासणी करून घ्यायला आलीच आहे त्यातूनच माल मिळू शकतो. पुढे २०२२ मधे अशाच ऑर्गनॉइडमधे एचपीव्हीचे ई६-ई७ जीन्स आणि क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधातून पसरणारा जिवाणू एकत्र घालून बघितलं तेव्हा दोन्ही असतानाचं पेशींचं वागणं नुसत्या बेरजेसारखं निघालं नाही. असा प्रयोग जिवंत बाईवर करायचा विचारही करता येणार नाही, आणि सपाट डिशमधे केला तर तो सांगेल त्यावर विश्वास कितपत ठेवायचा हा प्रश्न.

आता मॉडेलवाल्यांनाही सोडायला नको. हे डिशमधले तुकडे काय सांगू शकत नाहीत? पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट, दहातल्या नऊ बायकांमधे व्हायरस निघून जातो तो मुख्यतः त्यांच्या रोगप्रतिकारशक्तीमुळे, आणि बहुतेक मॉडेल्समधे रोगप्रतिकारक पेशीच नसतात. एचआयव्ही असलेल्या बायकांमधे या कॅन्सरचा धोका सहापट असतो यावरूनच समजा की ज्या गोष्टीवर सगळं अवलंबून आहे तीच डिशमधून गैरहजर आहे. टी पेशी (एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी) ऊतीसोबत वाढवायचे प्रयत्न चालू आहेत पण त्या त्याच बाईच्या लागतात, दुसरीच्या घातल्या तर त्या व्हायरसऐवजी परक्या ऊतीवरच तुटून पडू शकतात. शिवाय रक्तवाहिन्या नाहीत, पाळीच्या चक्राबरोबर चढउतार करणारे हार्मोन्स नाहीत, तिथे कायम राहणारे जिवाणू नाहीत. आणि वेळ नाही. रॅफ्ट तीन-चार आठवडेही टिकत नाही आणि आपण गोष्ट करतोय पंधरा वर्षांची. ऑर्गनॉइड महिनोनमहिने वाढवत नेता येतात, केंब्रिजमधे मार्गरेट स्टॅन्ली यांनी १९८९ मधे सुरुवातीच्या पायरीच्या जखमेतून काढलेली डब्ल्यू१२ ही लाइन पिढ्यानपिढ्या वाढवताना व्हायरसचा मोकळा डीएनए जाऊन अडकलेला डीएनए वर येताना दिसतो, म्हणजे काळ दाबून बघायची सोय थोडीफार आहे. पण दाबलेला काळ आणि खरा काळ यांत फरक राहणारच.

मग उंदीर बरे का? नाहीत. माणसाचा एचपीव्ही उंदराला होतच नाही, म्हणून एचपीव्हीचे जीन्स उंदरात घालून वर महिनोनमहिने इस्ट्रोजेन द्यावं लागतं, तेव्हा कुठे त्याला हा कॅन्सर होतो. उंदराचा स्वतःचा पॅपिलोमाव्हायरस २०११ मधे सापडला, त्याचा रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासाला चांगला उपयोग होतो, पण तो वेगळा व्हायरस आहे. त्यामुळे उंदीर विरुद्ध डिश असं भांडण लावण्यात अर्थ नाही, दोघांची अपंगत्वं वेगवेगळी आहेत. (आणि "आमचं मॉडेल प्राणीमुक्त" असं मिरवणाऱ्यांनी आपले ऑर्गनॉइड ज्या मॅट्रिजेल नावाच्या जेलमधे बसलेत ते उंदराच्या ट्यूमरमधूनच काढतात हेही सांगावं, आणि त्याचा प्रत्येक लॉट थोडा वेगळा निघतो हेही.) अमेरिकेत डिसेंबर २०२२ च्या कायद्याने नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचण्यांची सक्ती काढली, तेव्हापासून चिपवरचे अवयव (छोट्या चिपवर वाढवलेल्या माणसाच्या ऊती), ऑर्गनॉइड यांच्याभोवती कंपन्यांची गर्दी झालीये. गर्दी झाली की दावे फुगतात. माझं म्हणणं इतकंच की या मॉडेलकडून एकाच जातीच्या प्रश्नाचं उत्तर मागावं, ते म्हणजे पेशीच्या आत आणि थराथरात काय बदललं की दुखणं मागे न जाता पुढे जातं, आणि ते बदल तपासणीत पकडता येतील का, औषधाने उलटवता येतील का. कुठल्या बाईला कॅन्सर होईल याचं भविष्य डिश सांगेल असं कुणी म्हणत असेल तर त्याने आधी त्या बायकांना वर्षानुवर्षं फॉलो करून दाखवावं, तेही त्यांच्यावर पूर्ण उपचार चालू ठेवून.

आणि आता संमतीचा विषय, ज्यात मला मधला रस्ता नकोय. जुन्या काळातल्या पेशी एकदा घेतल्या की घेतल्या. हेन्रिएटा लॅक्सच्या घरच्यांना वर्षानुवर्षं काही माहीत नव्हतं, आणि २०१३ मधे हेलाचा अख्खा जीनोम, म्हणजे डीएनएचा पूर्ण मजकूर, त्यांना न विचारता जाहीर झाला तेव्हा परत गदारोळ झाला, मग अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने कुटुंबाशी बोलून तो डेटा कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या समितीत त्यांना जागा दिली. २०२३ मधे हेला पेशी विकणाऱ्या थर्मो फिशर कंपनीने त्यांच्याशी कोर्टाबाहेर तडजोड केली. बहात्तर वर्षं लागली. ऑर्गनॉइडच्या बाबतीत प्रश्न उलट आणखी टोकदार होतो, कारण ती त्या बाईची ऊती असते, तिच्या पूर्ण जीनोमसकट, गोठवून ठेवता येते, परत वाढवता येते, विकता येते, आणि गर्भाशयमुखाच्या बाबतीत तर तिच्याबरोबर एका लैंगिक संबंधातून आलेल्या इन्फेक्शनची माहितीही जाते. तपासणीच्या टेबलावर पडलेल्या, आधीच घाबरलेल्या बाईसमोर चार पानांचा फॉर्म सरकवून "उरलेला नमुना संशोधनासाठी वापरू" या एका ओळीवर सही घेणं म्हणजे संमती नव्हे. तपासणी आणि संशोधन यांची सही वेगळ्या वेळी, वेगळ्या माणसाने घेतली पाहिजे, नाही म्हटलं तर उपचारात तसूभरही फरक पडणार नाही हे बोलून सांगितलं पाहिजे, कंपनीला द्यायचं असेल तर परत विचारलं पाहिजे, आणि नंतर तिने नको म्हटलं तर गोठवलेल्या कुप्या नष्ट झाल्या पाहिजेत. यावर शास्त्रज्ञ म्हणतात की इतके सोपस्कार केले तर नमुनेच मिळणार नाहीत. मला हे पटत नाही, आणि समजा खरंच कमी मिळाले तर कमी मिळू देत.

दुसरी अट मला याहून अवघड वाटते आणि तिच्यावर फार कमी बोललं जातं. आजार कुठे आहे आणि ऑर्गनॉइड कुठे वाढतायत याचा नकाशा काढला तर दोन्ही ठिपके एकमेकांपासून लांब पडतात. ९४ टक्के मृत्यू जिथे होतात तिथल्या बायकांच्या ऊती या मॉडेल्समधे अगदीच थोड्या आहेत, एचआयव्ही असलेल्या बायकांच्या त्याहून कमी, आणि तपासणीत सहज निसटणारा जो ग्रंथींचा प्रकार असतो, अ‍ॅडिनोकार्सिनोमा, त्याच्या आधीच्या पायऱ्यांच्या तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. कारण ऑर्गनॉइड सांभाळणं हे खर्चिक काम आहे, पेशींना वाढायला लावणारे महागडे ग्रोथ फॅक्टर, कधीही न संपणारा लिक्विड नायट्रोजन, चोवीस तास वीज, आणि हातात कौशल्य असलेली, पगार वेळेवर मिळणारी माणसं. यावर सोपा उपाय म्हणून नमुने विमानाने श्रीमंत देशातल्या लॅबला पाठवले जातात, पेपर तिथे छापला जातो आणि नमुना देणारं हॉस्पिटल आभाराच्या ओळीत येतं. सार्वजनिक पैसा घालायचाच असेल तर तो इथे घाला, आजार जिथे आहे तिथे ऊती वाढवायची सोय आणि सामायिक बँक उभारण्यात, जिथून कुणालाही, ठरलेल्या अटींवर, कंपनीच्या कृपेशिवाय पेशी मिळतील. एका चकचकीत चिपच्या आणखी एका आवृत्तीपेक्षा मला हे दहापट महत्त्वाचं वाटतं, भले त्यातून मोठ्या जर्नलचं मुखपृष्ठ मिळणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचं २०३० साठीचं लक्ष्य आहे की ९० टक्के मुलींना पंधरा वर्षांच्या आत लस, ७० टक्के बायकांची पस्तिशीपर्यंत आणि परत पंचेचाळिशीपर्यंत चांगल्या टेस्टने तपासणी, आणि ज्यांना आजार सापडेल त्यातल्या ९० टक्के जणींवर उपचार. यातला मधला आकडा वाढत जाईल तसतशा कोट्यवधी बायकांच्या हातात "पॉझिटिव्ह" असा कागद पडणार आहे, आणि त्यातल्या बहुतेकींना काहीही होणार नसेल. त्या प्रत्येकीला डॉक्टर काय सांगणार? आज तो सांगतो की वर्षाने परत या, किंवा सांगतो की काढून टाकू. या दोन्हींच्या मधे काही सांगायचं असेल तर कोणत्या पेशी कोणत्या वळणावर परतायच्या थांबतात हे कळायला हवं, आणि ते कळायला गर्भाशयमुखाच्याच पेशी, त्या सीमेवरच्या, विचारून घेतलेल्या, थरांत वाढवलेल्या हव्यात. अनुदानाच्या अर्जात कातडीच्या पेशी दिसल्या तर परीक्षकाने एक ओळ लिहून खुलासा मागवावा, आणि पुरेसं कारण मिळालं नाही तर अर्ज परत करावा.